काठमांडूत आज 'बिदा' आहे (पृथ्वी जयंती)

कौसीवरून | 11 जानेवारी 2023, संध्याकाळी 6.40

नेपाळीत सुट्टीला बिदा म्हणतात. इथे नवीन होते तेव्हा ऑफिसातली मुलगी निघताना हात हलवून "भोलि बिदा" म्हणाली, तर ही नोकरीच सोडून चालली असं वाटून मी तिच्या गळ्यात पडायची बाकी होते. तिला फक्त उद्या सुट्टी आहे एवढंच सांगायचं होतं.

तर आज बुधवार असून बिदा आहे, आणि ती ऐन तोंडावर जाहीर झाली. निमित्त पृथ्वी जयंती. गोरखा नावाच्या चिमुकल्या डोंगरी राज्याच्या पृथ्वीनारायण शाहने 1743 ला गादीवर बसल्यापासून एकेक राज्य घेत आजच्या नेपाळचा पाया घातला, त्याचा जन्मदिवस, पौष 27. राजेशाहीत हा दिवस 'राष्ट्रिय एकता दिवस' म्हणून वाजतगाजत व्हायचा. 2006 च्या जनआंदोलनानंतर सुट्टी रद्द झाली, 2008 ला राजाच गेला. आता ती सुट्टी परत देणारे पंतप्रधान कोण, तर माओवादी नेते प्रचंड. याच सिंहासनाविरुद्ध 1996 पासून दहा वर्षं ज्यांनी जनयुद्ध चालवलं तेच हे. नवरा म्हणाला, मला दया येते ती कॅलेंडर छापणाऱ्यांची.

गोष्ट थोडक्यात सांगते, कारण आपल्याकडे नेपाळ म्हणजे पशुपतिनाथ, एव्हरेस्ट आणि बिल्डिंगचा गुरखा. गोरख्याच्या दरबाराखाली गोरखनाथांची गुहा आहे. छोटा पृथ्वीनारायण तिथे गेला असता योग्याने दही मागितलं, तोंडात घेऊन ते पोराच्या ओंजळीत परत टाकलं आणि खा म्हणाला. पोराला किळस आली, दही ओंजळीतून पायांवर सांडलं. योगी म्हणाला, खाल्लं असतंस तर बोलशील ते खरं झालं असतं. आता पाय ठेवशील ती जमीन तुझी. ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

सिंहदरबारासमोर, म्हणजे इथल्या सचिवालयासमोर, त्याचा पुतळा आहे, एक बोट वर केलेला. एक बोट म्हणजे एक देश, असं सांगतात. सकाळी तिथे हार, बँड, वेगवेगळ्या जातीजमातींचे पोशाख घातलेली पोरं. मी जाऊन आले, फोटो काढले, आणि दुपारी आमच्या घरबेटी आमांसोबत कौसीवर उन्हाला बसले. (घरबेटी म्हणजे घरमालक, कौसी म्हणजे गच्ची. पौषात अख्खं काठमांडू दुपारी कौसीवर असतं, कारण घरात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी.) आमा भोगटे सोलत होत्या. भोगटे म्हणजे पपनस. पाकळ्या सुट्या करून त्यात दही, तिखट, साखर, आणि वरून तेलात काळे होईपर्यंत तळलेले मेथीदाणे, हळदीसकट. तो चुर्र आवाज झाला की शेजारच्या कौसीवरून माना वळतात.

मी उत्साहात फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "बिदा राम्रो. जयन्ती चाहिँ उनीहरूको." सुट्टी छान. जयंती मात्र त्यांची.

आमा नेवार, म्हणजे या खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांपैकी, माहेर कीर्तिपूर. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

काठमांडू खोऱ्यात तेव्हा मल्ल राजांची तीन राज्यं होती: कांतिपूर म्हणजे काठमांडू, पाटण आणि भक्तपूर. त्या खोऱ्यात शिरायची किल्ली म्हणजे टेकडीवरचं कीर्तिपूर. 1757 ला गोरखालींनी पहिला हल्ला केला, तो सपशेल फसला. पृथ्वीनारायणचा सेनापती कालू पांडे तिथेच पडला. दुसऱ्या हल्ल्यात राजाचा भाऊ सूरप्रताप याचा डोळा गेला. 1766 ला, दीर्घ नाकेबंदीनंतर, गाव पडलं. आणि मग गावकऱ्यांची नाकं आणि ओठ कापले गेले. आमा हे काल घडल्यासारखं सांगतात. कीर्तिपूरला नंतर लोक 'नासकाटीपूर' म्हणत. तिथल्या बाघभैरवाच्या देवळावर अजून जुन्या तलवारी आणि खुकुऱ्या ठोकलेल्या आहेत: हरलेल्या गोरखाली सैनिकांच्या, पहिल्या लढाईतल्या. गाव शेवटी हरलं, पण देवळावर अजून मिरवतंय ते जिंकलेल्या दिवसाचंच सामान.

आमांनी वाटी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "तुमच्याकडेही राजाच्या जयंतीला बिदा असते ना? सगळे आपली मानतात?"

मी 'हो' म्हणाले. पटकन म्हणाले, मग जरा वेळ पपनस खात बसले. राजा घालवलेल्या देशाने संस्थापक राजाची जयंती पाळावी का, आणि पाळली तर नेमकं काय पाळायचं, यावर तुम्हाला काय वाटतं?

---

चहाटळ | 11 जानेवारी, 7.15

पपनसात मेथीदाणे??? पहिला प्रश्न हा, मग राजेशाही.

बाकी सुट्टी कुणाच्या नावाने हे बघणाऱ्याला सुट्टी देऊच नये या मताचा मी आहे.

---

तिथीवाले_आप्पा | 11 जानेवारी, 7.52

उत्तम लेख, ताई. एक शंका. पौष 27 ही कुठली तिथी? आमच्या पंचांगात महिना तीसचा, पण पंधरवड्यात पंधराच्या पुढे गाडी जात नाही. शिवजयंती फाल्गुन वद्य तृतीयेला की 19 फेब्रुवारीला, यावर आमच्या गल्लीत दोन मंडपवाले आणि दोन ढोलपथकं पोसली जातात. तिकडे हा वाद नाही?

---

कौसीवरून | 11 जानेवारी, 8.10

@आप्पा, नाही! कारण इथे रोजच्या व्यवहारात विक्रम संवत सौर आहे. संक्रांतीला महिना सुरू होतो आणि दिवसाला 'गते' म्हणतात, पौष 27 गते. तिथी वेगळी, ती सणांसाठी. बँकेचा चेक, पगार, लाईटबिल, सगळं गतेवर. आज इथे 2079 साल आहे. इंग्रजी तारीख मात्र हलते, पुढच्या वर्षी ही जयंती 12 जानेवारीला येईल. दोन मंडपांची सोय नाही, क्षमस्व.

@चहाटळ, करून बघा. मोहरीचं तेल हवं.

---

बखरवाचक | 11 जानेवारी, 10.30

पृथ्वीनारायण वाचताना मराठी माणसाला सारखं ओळखीचं काहीतरी भेटतं. त्याच्या अखेरच्या काळातला उपदेश 'दिव्योपदेश' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातलं सर्वांना माहीत असलेलं वाक्य म्हणजे हे राज्य दोन दगडांमधल्या तरुलासारखं, म्हणजे कंदासारखं आहे. वर चीनचा बादशहा, खाली समुद्राचा बादशहा. चीनशी सख्य ठेवा, दक्षिणेकडच्याशीही ठेवा, पण तो महाचतुर आहे, हिंदुस्थान गिळून बसला आहे. परदेशी व्यापाऱ्यांना डोंगरात वर येऊ देऊ नका, बाहेरचं कापड घेऊ नका, आपल्या विणकरांना नमुने दाखवून तयार करा.

आता रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र काढा. त्याच्या अर्धशतकाहून अधिक आधीचं. त्यातलं टोपीकरांचं, म्हणजे युरोपियनांचं, प्रकरण: हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी राजे आहेत, वखारीला जागा द्यायचीच झाली तर खाडीशेजारी, समुद्रकाठी देऊ नये, आत लांब कुठेतरी द्यावी. दोघांनी एकमेकांचं काही वाचलेलं असणं शक्य नाही. दोन डोंगरी राज्यं, एकाच माणसाला ओळखत होती.

आणि ती भीती पुस्तकी नव्हती. 1767 ला काठमांडूचा राजा जयप्रकाश मल्लने ईस्ट इंडिया कंपनीकडे मदत मागितली, कंपनीने कॅप्टन किनलॉकला धाडलं, आणि सिंधुलीच्या जंगलात गोरखालींनी ती पलटण परतवली. पुढच्याच वर्षी काठमांडू पडलं. प्लासीला दहाच वर्षं झाली होती हे लक्षात घ्या.

मला पटलेलं त्याचं वाक्य मात्र वेगळंच आहे. लाच देणारा आणि लाच खाणारा, या दोघांचं धन आणि जीव घेतला तरी पाप नाही. जयंतीच्या भाषणांत हे वाक्य कितपत येतं, ताई?

---

कौसीवरून | 11 जानेवारी, 10.48

आज तरी फुलबागच ऐकली. :) 'नेपाळ ही चार जात छत्तीस वर्णांची फुलबाग', हे दर भाषणात. लाचेचं वाक्य मी पोस्टरवर पाहिलंय, बोलणाऱ्याच्या तोंडी नाही.

तरुल मात्र येत्या रविवारी घरोघरी शिजेल. माघे संक्रांतीला इथे तरुल, तूप, चाकू (गुळाची चिकट वडी) खातात. पृथ्वीनारायण गेलाही माघे संक्रांतीलाच, 1775 साली, नुवाकोटजवळ देवीघाटला.

---

नाही_पटत | 12 जानेवारी, 8.05

लेख छान लिहिलाय पण मुद्दा गुळगुळीत केलाय. ज्या माणसाने गावाची नाकं कापली त्याच्या जन्मदिवसाला 'एकता दिवस' म्हणायचं? एकीकरण हा शब्दच जिंकणाऱ्याचा आहे. नेवार, लिंबू, थारू या जमातींच्या बाजूने तो विस्तार आहे. प्रजासत्ताकाला राजाची जयंती लागते हेच मुळात प्रजासत्ताकाचं अपयश. उद्या म्हणाल ऑस्ट्रियाने हाप्सबुर्गांची पालखी काढावी.

---

बखरवाचक | 12 जानेवारी, 9.20

'विस्तार' म्हणायला माझी हरकत नाही, नेपाळमधले कितीतरी इतिहासकार म्हणतात. पण नाकांबद्दल साधन बघू. सविस्तर लिहिणारा साक्षीदार म्हणजे कापुचिन पाद्री, फादर ज्युसेप्पे. हे मिशनरी मल्लांच्या आश्रयाने खोऱ्यात होते आणि पृथ्वीनारायणने खोरं घेतल्यावर त्यांना देशाबाहेर काढलं. ते बेतियाला जाऊन राहिले. म्हणजे साक्षीदाराचं वैर उघड आहे.

तरीही मला त्याचा वृत्तांत बनावट वाटत नाही, त्याचं कारण एक बारीक तपशील. तो लिहितो की कडेवरची मुलं सोडली आणि सुषिर वाद्यं वाजवणारे सोडले. तोंडाने वाजवायची वाद्यं, ती वाजवायला ओठ लागतात. खोटं रचणारा माणूस हे रचत नाही. दरबाराला सनईवाले हवे होते!

आकड्यांवर वाद घाला. लोकांत 'सतरा धार्नी नाकं' असं वजनात सांगतात, ते लोककथेत ठेवू.

---

नाही_पटत | 12 जानेवारी, 9.41

म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूने बोललात.

---

बखरवाचक | 12 जानेवारी, 9.44

मी साधनाच्या बाजूने बोललो. तुम्ही मध्ये आलात.

---

पाऊलखुणा | 12 जानेवारी, 1.30

हा धागा वाचून आमच्या सोसायटीच्या वॉचमनशी बोलले (कोथरूड). गेली नऊ वर्षं आम्ही सगळे त्याला बहादूर म्हणतो. त्याचं नाव बहादूर नाही. हे मला आज कळलं, आणि लाज वाटली ती वेगळी.

मी म्हटलं, दाजू (म्हणजे दादा), काल तुमच्या राजाची जयंती होती ना? तो हसला. म्हणाला, "मॅडम, हम बझांग का है. वो गोरखा का राजा. गोरखा तो हमने देखा भी नहीं." बझांग पार पश्चिमेला, तिथून काठमांडूपेक्षा दिल्ली सोयीची. त्याच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून बझांगी राजा येतो, आपला वेगळा. आणि आम्ही नऊ वर्षं त्याला गुरखा म्हणतोय. म्हणजे दोनदा चुकीचं नाव.

बखरवाचक, हे बरोबर आहे का? पृथ्वीनारायण तिथवर गेलाच नव्हता?

---

बखरवाचक | 12 जानेवारी, 2.15

नव्हता. तुमचे दाजू शंभर टक्के बरोबर. पश्चिमेला कर्णाली खोऱ्यात बाईस राज्यं होती, 'बाईसी', आणि गंडकी खोऱ्यात 'चौबीसी'. पृथ्वीनारायणची घोडदौड मुख्यतः खोरं आणि पूर्वेला. पश्चिम घेतली ती त्याच्या मागून, धाकटा मुलगा राजप्रतिनिधी असताना. आणि त्या मुलाचं नाव, हसू नका, बहादूर शाह.

---

चहाटळ | 12 जानेवारी, 2.20

म्हणजे बहादूरने बझांग घेतलं आणि कोथरूडने बझांगला बहादूर केलं. मी आजच्यापुरता गप्प बसतो.

---

लष्करकर | 12 जानेवारी, 11.50

ग्वाल्हेरहून लिहितोय, तेव्हा आमचा नेपाळशी संबंध सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिंद्यांच्या घरात नेपाळ दोन पिढ्या आहे. विजयाराजेंच्या आई राणा घराण्यातल्या. माधवरावांच्या पत्नी माधवीराजे तिकडच्याच राणांच्या. आणि विजयाराजेंची लेक उषाराजे काठमांडूला पशुपती शमशेर राणांकडे दिली. त्यांची मुलगी देवयानी. हे नाव 1 जून 2001 नंतर अख्ख्या जगाने ऐकलं. नारायणहिटी राजवाड्यात युवराज दीपेंद्रने राजा वीरेंद्र, राणी ऐश्वर्या आणि घरच्यांवर गोळ्या झाडल्या असं चौकशी समितीने म्हटलं, आणि त्यामागे त्याच्या देवयानीशी लग्नाला घरून असलेला विरोध होता असं लोक बोलत राहिले. त्या आठवड्यात आमच्या लष्कर भागात चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता. माझी आजी तर घरचंच कुणी गेल्यासारखी बसून होती.

पण माझा मुद्दा निराळा. शाह राजा, राणा पंतप्रधान. 1846 च्या कोत हत्याकांडानंतर जंगबहादूरने सत्ता घेतली आणि 1951 पर्यंत, 104 वर्षं, राजे नुसते सोन्याच्या पिंजऱ्यात. राजाच्या नावामागे पाच श्री, राणांच्या मागे तीन. पाच श्रीवाला कैदेत आणि तीन श्रीवाला मालक! सातारा आणि पुणे आठवलं की नाही? त्या शंभर वर्षांत पृथ्वीनारायणचा उदोउदो राणांना परवडणारा नव्हता. म्हणजे ही जयंती तुम्ही समजता तितकी पुरातन प्रथा नाही. राणा गेल्यावर शाहांना आपला मूळपुरुष पुन्हा बाहेर काढावा लागला.

जाता जाता: 1857 नंतर नानासाहेब तराईत शिरले तेव्हा त्यांच्या घरच्या बायकांना काठमांडूत, थापाथलीला आसरा मिळाला तो याच जंगबहादूरकडे. इंग्रजांना लखनौ घ्यायला फौज घेऊन गेला तोही हाच. माणूस एका रेघेत बसत नाही.

---

कौसीवरून | 13 जानेवारी, 7.30

लष्करकर, फार मोठी गोष्ट सांगितलीत. मी तेच कालपासून जुळवत होते. आमांच्या रागाचा पत्ता कीर्तिपूर आहे खरा, पण काल खोदून विचारलं तर त्या 1766 वर थांबल्या नाहीत. म्हणाल्या, शाळेत नेवारी बोललं की छडी. ते पृथ्वीनारायणने नाही केलं. ते राजा महेंद्रच्या पंचायत काळातलं: डिसेंबर 1960 ला निवडून आलेलं सरकार बरखास्त, पक्षांवर बंदी, आणि 'एक भाषा, एक भेष'. भाषा नेपाळी, भेष दौरा-सुरुवाल आणि डोक्यावर टोपी. त्या काळात पौष 27 ला शाळेच्या प्रभातफेरीत बोट वर करून उभं राहावं लागायचं, असं आमा सांगतात. आठ-नऊ वर्षांच्या असतील.

म्हणजे त्यांचं भांडण अडीचशे वर्षं जुन्या राजाशी कमी आणि त्याला पुढे करून उभ्या केलेल्या प्रभातफेरीशी जास्त. नाही_पटत, म्हणून मी गुळगुळीत लिहिलं नव्हतं, मला तेव्हा माहीतच नव्हतं.

आणि एक गंमत. राजाची सत्ता गेल्यावर राजाची स्तुती असलेलं जुनं राष्ट्रगीत गेलं, 2007 ला नवं आलं. त्याची पहिली ओळ काय, तर आम्ही शेकडो फुलं, एक नेपाळी माळ. फुलबाग गेली नाही! फक्त माळ्याचं नाव काढलं.

---

नाही_पटत | 13 जानेवारी, 8.02

हे पटलं.

(आयडी बदलावा लागणार.)

---

देशाभिमानी_७२ | 13 जानेवारी, 8.40

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

तिथीवाले_आप्पा | 13 जानेवारी, 9.15

आमच्या गल्लीतही आता गंमत अशी झालीय की दोन्ही मंडपांत महाराजांपेक्षा वर्गणीदार आमदारांचे फोटो मोठे. तुमच्या आमांना सांगा, प्रभातफेरी सगळीकडे सारखीच असते.

---

कौसीवरून | 29 मार्च 2025

दोन वर्षांनी धागा वर काढतेय. बातम्या बघून तिघांचे व्यनि (व्यक्तिगत निरोप) आले, म्हणून इथेच लिहिते.

9 मार्चला माजी राजे ज्ञानेंद्र पोखऱ्याहून परतले तेव्हा विमानतळाबाहेर हजारो लोक. 'राजा आऊ, देश बचाऊ.' मी त्या गर्दीत अडकले होते, टॅक्सीवाला शांतपणे म्हणाला, "दिदी, नारायणहिटी खाली छ." राजवाडा रिकामाच आहे. (रिकामा नाही, 2009 पासून संग्रहालय आहे, तिकीट काढून आत जाता येतं.) काल 28 ला तीनकुनेला राजावाद्यांच्या मोर्चात जाळपोळ झाली, दोघे गेले, त्यातला एक पत्रकार, जळत्या घरात. आज सकाळी रस्त्यावर राखेचा वास होता.

गर्दीत मी बरेच चेहरे पाहिले. निम्म्यांना राजेशाही आठवत असेल इतकंही वय नव्हतं. त्यांच्याशी बोलाल तर ते राजाबद्दल बोलत नाहीत, नोकरीबद्दल बोलतात, आखातात गेलेल्या भावाबद्दल बोलतात, आणि तेच तीन नेते आलटून पालटून पंतप्रधान होतात त्याबद्दल.

---

बखरवाचक | 29 मार्च 2025

सुखरूप आहात ना, ते आधी.

ज्ञानेंद्र दोनदा राजे झाले आहेत हे बहुतेकांना माहीत नसतं. नोव्हेंबर 1950 मध्ये राजा त्रिभुवन राणांच्या कैदेतून निसटून भारतीय दूतावासात गेले, घरचे सगळे बरोबर, मागे राहिला एक तीन वर्षांचा नातू. राणांनी त्यालाच गादीवर बसवलं. दोन-एक महिने तो राजा होता. पुन्हा 2001 ला. 28 मे 2008 ला संविधान सभेने 560 विरुद्ध 4 मतांनी राजेशाही संपवली. तिसऱ्यांदा होण्याची आशा बाळगणारा जगातला हा एकटाच माणूस असावा.

---

कौसीवरून | 30 मार्च 2025

सुखरूप. तुम्ही गादी म्हणालात त्यावरून आठवलं, काल आमांनी देवघराच्या डब्यातून पाचशेची एक जुनी नोट काढून दाखवली. राजेशाही जातानाची. राजाचा फोटो काढून तिथे एव्हरेस्ट छापलंय. पण नोटेचा कागद आधीच आलेला होता, आणि त्यात राजाचा जलचिन्हातला चेहरा. आता तो कसा काढणार? मग त्या कोऱ्या जागेवर गुराँसचं (ऱ्होडोडेंड्रॉनचं) लाल फूल छापून टाकलं.

आमांनी नोट खिडकीकडे धरली. फुलाच्या पाकळ्यांमधून राजा दिसतो.

"फेंकायची नाही," म्हणाल्या, "पाचशे ते पाचशेच."

---

पाऊलखुणा | 10 सप्टेंबर 2025

ताई, कुठे आहात? टीव्हीवर सिंहदरबार जळताना दाखवतायत. फोन लागत नाहीये. आमचे दाजू कालपासून गेटवर फोन धरूनच बसलेत. (आता सगळे नावाने हाक मारतो, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.)

---

कौसीवरून | 11 सप्टेंबर 2025

आम्ही ठीक. संचारबंदी आहे, विमानतळ बंद होता, सैन्य रस्त्यावर. 8 तारखेला शाळा-कॉलेजची मुलं मोर्च्याला गेली, गोळीबार झाला, पहिल्याच दिवशी 19 गेले. 9 ला पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि दुपारपासून सिंहदरबार, संसद, सर्वोच्च न्यायालय, सगळीकडून धूर. कौसीवरून चारही दिशांना दिसत होता. वाळत घातलेल्या कपड्यांवर जळके कागद येऊन पडले. एकावर सरकारी शिक्का अर्धा होता. मी तो ठेवलाय, का ते माहीत नाही.

आमा दोन दिवस कौसीवरच होत्या. हा आठवडा इंद्रजात्रेचा, त्यांच्या भाषेत येंया. कुमारीचा रथ गेल्या शनिवारीच निघाला होता. 1768 ला पृथ्वीनारायण काठमांडूत शिरला तोही इंद्रजात्रेच्याच दिवशी. शहर जत्रेत होतं, राजा जयप्रकाश पाटणकडे पळाला, आणि त्याच्यासाठी मांडलेल्या आसनावर हा जाऊन बसला, कुमारीकडून टिका लावून घेतला. इथे हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कुणी मोठ्याने बोलत नाही.

धूर बघता बघता आमा फक्त म्हणाल्या, "येंयामै." येंयातच.

मग उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी त्यांनी आत नेली, काजळी पडते म्हणून.